घरशाळा सुरू करताना: कागद, अभ्यासक्रम, साधनं आणि पालकगट

घरशाळा, म्हणजे मुलाला शाळेत न पाठवता घरीच शिकवणं, करायची ठरली की बहुतेक पालक पहिल्या आठवड्यात पुस्तकं आणि किट मागवतात. खरं तर ते शेवटी करायचं काम. आधी कागदपत्रं, मग दहावी कुठून द्यायची याचा ढोबळ विचार, मग रोजचा अभ्यास, आणि साधनं त्या अभ्यासात अडेल तशी. पुढची माहिती महाराष्ट्रात राहणाऱ्या, सहा ते चौदा वयाच्या मुलांच्या पालकांसाठी आहे.

कागद

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे असं त्याचं कलम १० सांगतं, पण ते केलं नाही तर पालकांना शिक्षा करण्याची तरतूद कायद्यात नाही. घरशाळेचा वेगळा उल्लेखही नाही. त्यामुळे कुठे अर्ज करून परवानगी काढायची नसते, आणि कुणी तुम्हाला 'घरशाळा मान्यता' विकत असेल तर ती घेऊ नका.

मूल शाळेतून काढत असाल तर शाळा सोडल्याचा दाखला, शेवटच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं आणि मुलाचा पेन क्रमांक (यू-डायस या सरकारी शालेय नोंदप्रणालीवरचा कायमचा विद्यार्थी क्रमांक) लेखी घ्या. दाखल्यावरचं नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख जन्मदाखल्याशी व आधारशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. आडनावात एखादी वेलांटी चुकलेली असेल तर आत्ता शाळेत दुरुस्त होते. आठ वर्षांनी दहावीच्या अर्जाच्या वेळी तीच वेलांटी प्रतिज्ञापत्र, राजपत्र आणि हेलपाटे मागते.

एक जाड फाईल करा. त्यात दर महिन्याला तीन-चार गोष्टी जाऊ द्यात: मुलाच्या हातचं तारीख घातलेलं एक पान, वाचलेल्या पुस्तकांची यादी, केलेल्या प्रयोगाचा किंवा सहलीचा फोटो, सोडवलेली एक चाचणी. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी जवळच्या शाळेतले शिक्षक घरी आले तर त्यांच्यापुढे ही फाईल ठेवता येते. ते आपलं काम करत असतात. चहा द्या, फाईल दाखवा, वाद घालू नका.

परत शाळेत जायची वेळ आली तर? कायद्याच्या कलम ४ नुसार मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळू शकतो, आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्कही आहे. महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत हा रस्ता आठवीपर्यंत खुला असतो. हे माहीत असलं की घरशाळेचा निर्णय कायमचा वाटत नाही आणि आजी-आजोबांची काळजीही थोडी कमी होते.

अभ्यासक्रम निवडताना

शाळेतून नुकतंच काढलेलं मूल पहिले काही आठवडे पुस्तकाला हात लावत नाही. अनुभवी पालकांत असा हिशेब चालतो की शाळेच्या प्रत्येक वर्षामागे एक महिना मोकळा सोडावा. तो तंतोतंत पाळायची गरज नाही, पण पहिल्या दिवसापासून सहा तासिकांचं वेळापत्रक लावलं की घरात रोज भांडण होतं, आणि त्याचा दोष मग अभ्यासक्रमावर जातो. या मोकळ्या काळात मूल काय करतं ते बघून वहीत टिपत जा. पुढची निवड त्यावरून करायची आहे.

पहिल्या वर्षासाठी आमचा स्पष्ट सल्ला बालभारतीचा आहे. पुस्तकं स्वस्त आहेत, ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट मिळतात, आणि पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की सरकारच्या दीक्षा ॲपवर पूरक साहित्य उघडतं. पुस्तकं बदलत असतात, तेव्हा विकत घेताना आवृत्तीचं वर्ष बघा. भावंडाचं जुनं पुस्तक गणितासाठी चालून जातं, परिसर अभ्यासाला अडचण येऊ शकते. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्हावार वेगळं निघालेलं आहे. आपल्या जिल्ह्याचं घेतलं तर वर्षभराच्या छोट्या सहलींची यादी त्यातच मिळते: धरण, किल्ला, बाजार समिती, एसटीचं आगार.

एनसीईआरटीची, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थेची, पुस्तकं इंग्रजी किंवा हिंदी माध्यमाच्या मुलांसाठी चांगली आहेत, आणि तीही संकेतस्थळावर फुकट मिळतात. केंब्रिजसारखा परदेशी अभ्यासक्रम निवडायचा असेल तर एकच प्रश्न आधी सोडवा: तुमच्या शहरात बाहेरच्या विद्यार्थ्याला परीक्षेला बसू देणारं केंद्र आहे का, आणि एका विषयाची फी किती. हे उत्तर लेखी मिळाल्याशिवाय सातवी-आठवीत त्या वाटेला लागू नका. वर्षभराचा तयार 'पॅक' विकणाऱ्या कंपन्यांच्या बाबतीत एक महिन्याचा नमुना मागा. नमुना देत नसतील तर सोडून द्या.

इयत्ता मुलाच्या वयावरून ठरवू नका, आणि सगळ्या विषयांना एकच इयत्ता असली पाहिजे असंही नाही. वाचनासाठी पुस्तकाच्या शेवटच्या धड्यातले शंभर शब्द मोठ्याने वाचायला द्या. पाचाहून जास्त शब्दांवर अडखळलं तर एक इयत्ता खाली या. गणितासाठी आधीच्या इयत्तेच्या शेवटच्या तीन प्रकरणांतून दहा उदाहरणं निवडा. आठ बरोबर आली तर पुढे चला. पाचवीच्या वयाचं मूल भाषेत सहावीचं आणि गणितात चौथीचं पुस्तक वापरत असेल तर ते बिघडलेलं नाही. घरशाळेत ही सोय मिळते, तिचा फायदा घ्या.

रोज दोनच गोष्टी

भाषा आणि गणित रोज. बाकी सगळे विषय आठवड्याला एक-दोन वेळा. सहा ते आठ वर्षांच्या मुलाला बसून करायचा अभ्यास तास-दीड तास पुरतो, नऊ ते अकराला दोन-अडीच तास, बारा ते चौदाला तीन-चार तास. चाळीस मुलांच्या वर्गात हजेरी, शांत बसवणं आणि वह्या तपासणं यात जाणारा वेळ घरी लागत नाही, म्हणून हे जमतं. सकाळी दहाच्या आत गणित उरका. दुपारच्या जेवणानंतर ठेवलेलं गणित आठवड्यातून तीनदा तरी राहून जातं.

मराठी वाचन सुरू करताना अ, आ, इ या क्रमाने सगळी मुळाक्षरं संपवायची आणि मग शब्दांकडे वळायचं, यात सहा महिने जातात आणि मूल कंटाळतं. ग, म, भ, न अशी सारख्या वळणाची चार अक्षरं घ्या, त्याला लगेच काना जोडा: मान, गाभा, नाग, मामा. दर आठवड्याला तीन-चार अक्षरं आणि महिन्याला एक-दोन स्वरचिन्हं अशी चाल ठेवली तर साधारण पाच-सहा महिन्यांत साधे शब्द येतात.

जोडाक्षरांत सगळ्यात जास्त मुलं 'र'पाशी अडतात, कारण त्याची रूपं चार आहेत: पर्वतमधला रफार, चक्रमधली तिरकी रेघ, ट्रकमधलं खालचं चिन्ह आणि वाऱ्यामधला अर्धा ऱ. चारही एकाच दिवशी शिकवू नका. रफारात मूल हमखास गोंधळतं, कारण चिन्ह पुढच्या अक्षराच्या डोक्यावर आणि उच्चार त्याच्या आधी. 'सूर्य' म्हणताना र कुठे ऐकू आला ते टाळी वाजवून विचारा, मग लिहायला लावा. शुद्धलेखनात पहिली दोन वर्षं एकच नियम धरा: शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी किंवा उकार दीर्घ. आणि, नि हे अपवाद, आणि परंतु, तथापि यांसारखी संस्कृतातून आलेली अव्ययं.

मराठी माध्यमाच्या मुलाला गणितात सगळ्यात आधी जो अडथळा येतो तो संख्यांच्या नावांचा. बावीस म्हणताना आधी दोन ऐकू येतं, मग वीस. लिहिताना मात्र आधी दशकातला अंक आणि मग एककातला. त्यात भर 'एकोण'ची. एकोणपन्नास ऐकलं की मूल ५९ लिहितं, कारण कानावर 'पन्नास' आणि 'नऊ'चा भास दोन्ही पडतात. एकोणीस ते एकोणनव्वद हा सगळा गट एकदम घ्या आणि 'एक कमी' हा अर्थ सांगा: साठाला एक कमी तो एकोणसाठ. नव्याण्णव या रांगेत बसत नाही, ते वेगळं पाठ करावं लागतं. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस दोन' अशी वाचनपद्धत आणली तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. वाद बाजूला ठेवा. 'वीस दोन, बावीस' असं दोन्ही सलग म्हणायची सवय दोन महिने लावली तर अंकांची उलटापालट लक्षात येण्याइतकी कमी होते.

साधनं: काय बनवायचं, काय घ्यायचं

पहिलं साधन गणितमाळ, आणि ती घरी बनवा. दहा मिलिमीटरचे शंभर मणी, पन्नास लाल आणि पन्नास पांढरे. दहा लाल, दहा पांढरे असं आलटून पालटून जाड नायलॉनच्या दोऱ्यात ओवा. मणी एक मीटर भरतात. टांगल्यावर ते सरकायला जागा हवी, म्हणून मणी भरतात त्याहून सुमारे पंचवीस सेंटिमीटर दोरा जास्त ठेवा, आणि खिळ्यांच्या गाठीसाठी दोन्ही टोकांना पंधरा-पंधरा सेंटिमीटर आणखी. म्हणजे दोरा दीड मीटरहून थोडा जास्त कापा. माळ मुलाच्या छातीच्या उंचीवर दोन खिळ्यांना बांधा आणि संख्या दाखवायला कपड्याचा छोटा चिमटा लावा. चिमटा मण्यावर लावू नका, मण्यानंतरच्या फटीत लावा. २३ म्हणजे डावीकडे तेवीस मणी. चिमटा तेविसाव्या मण्यावरच बसवला तर तो मणी धरायचा की नाही यात मूल अडकतं आणि वजाबाकीत दर वेळी एकाने चुकतं. सगळे मणी एका रंगाचे घेतले तर माळ निकामी, कारण दर वेळी एकापासून मोजावं लागतं.

त्यापुढे दशक-सुट्यांसाठी आइस्क्रीमच्या दीडशे काड्या आणि रबरबँड, स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, एक लिटरचं खुणांचं मापपात्र, मीटरटेप, दहापट मोठं दाखवणारं भिंग, थर्मामीटर, पृथ्वीगोल आणि भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा. अपूर्णांक शिकवायला चपाती किंवा पोळी कापण्यापेक्षा कागदाच्या पट्ट्या बऱ्या, त्यांचे भाग खरोखर सारखे होतात. विज्ञानाच्या खेळण्यांसाठी अरविंद गुप्ता यांचं संकेतस्थळ उघडा. टाकाऊ वस्तूंतून खेळणी बनवण्याच्या कृती आणि मराठीतली शेकडो पुस्तकं तिथे फुकट आहेत. वाचनासाठी प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या मिळतात, आणि 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीने फुकट खुले केले आहेत. जुन्या अंकांतली कोडी आजही मुलं आवडीने सोडवतात.

ॲपच्या वर्गण्या, वर्षभराचे वर्कशीट संच आणि महागडी किट पहिल्या सहा महिन्यांत घेऊ नका. वर्कशीटचा मोठा गठ्ठा घरात असला की तो संपवणं हाच अभ्यास होऊन बसतो. प्रिंटर घ्यायचाच असेल तर आधी दोन महिने कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घ्या. महिन्याला शंभर पानांहून कमी लागत असतील तर प्रिंटरची गरज नाही. व्हिडिओचा नियम सोपा ठेवा: एक बघितला की त्यातलं काहीतरी हाताने करायचं, मगच दुसरा.

पालकगट

एकट्या घराला जे जमत नाही ते गटात होतं: नाटक, सांघिक खेळ, वाद घालून पटवून देणं, दुसऱ्याचं काम तपासणं. तयार गट शोधत बसण्यापेक्षा चार ते सहा कुटुंबं जमवा. वयात तीन वर्षांहून जास्त अंतर नको. सहा वर्षांचा आणि बारा वर्षांची एकाच प्रयोगाला बसली की एक कंटाळतं आणि दुसरं रडतं.

आठवड्यातून एकच वार, एकच जागा आणि अडीच तास. सोसायटीचं क्लबहाउस, ग्रंथालयाची खोली किंवा कुणाची तरी गच्ची चालते. दहा ते सव्वादहा जमणं, मग पाऊण तास मुख्य काम, अर्धा तास डबा आणि मोकळा खेळ, पाऊण तास भाषेचं काही, शेवटी पंधरा मिनिटं आवराआवर. आवराआवर मुलांनीच करायची, पालकांनी हात लावायचा नाही.

मुख्य कामाचा एक नमुना. अरविंद गुप्तांची सेलवर चालणारी मोटर नऊ वर्षांपुढच्या मुलांना पाऊण तासात जमते. प्रत्येक मुलामागे एक मोठा दीड व्होल्टचा सेल, एक गोल फेराइट चुंबक, सुमारे सव्वा मीटर लाखेचा मुलामा असलेली तांब्याची तार, दोन सेफ्टी पिना आणि सायकलच्या ट्यूबचा एक पट्टा लागतो. तार सेलभोवती दहा वेळा गुंडाळून वेटोळं करायचं, दोन्ही टोकं समोरासमोर सरळ बाहेर काढायची. एका टोकाची लाख पूर्ण खरवडायची आणि दुसऱ्या टोकाची तीनच बाजूंनी. बऱ्याच मुलांची मोटर इथेच फसते: उत्साहाने ती दोन्ही टोकं पूर्ण खरवडतात, वेटोळं एकदा हलतं आणि थांबतं. प्रत्येक फेरीच्या दुसऱ्या अर्ध्यात वीज तुटली नाही तर वेटोळं उलट्या दिशेला ओढलं जातं. कारण आधी सांगू नका. फसलेली आणि चाललेली अशा दोन मोटारी शेजारी ठेवा आणि फरक मुलांना शोधू द्या. वेटोळं अडकलं की सेल आणि तार तापतात, म्हणून न फिरणारी मोटर अर्ध्या मिनिटाच्या आत सेलवरून काढायला लावा.

गट मोडतात ते बहुतेक तीन कारणांनी. सगळी तयारी एकाच आईवर पडते, पैशांचा हिशेब तोंडी राहतो, आणि कुणीतरी मूल सोडून निघून जाऊ लागतं. पहिल्या बैठकीतच लिहून ठेवा: प्रत्येक कुटुंब चार ते सहा आठवड्यांतून एकदा मुख्य काम घेईल, दर महिन्याला ठरलेली वर्गणी एकाकडे जमेल आणि त्याचा हिशेब ग्रुपवर टाकला जाईल, प्रत्येक मुलासोबत घरचं एक मोठं माणूस हजर राहील, ताप-खोकला असेल त्या दिवशी येणार नाही. कुणीही मोठं माणूस एकट्या मुलासोबत बंद खोलीत बसणार नाही, हा नियम ओळखीच्या लोकांतसुद्धा लिहायचा. ज्याला तो अपमान वाटतो त्याला शांतपणे समजावा, पण नियम सोडू नका.

गट वाढला, रोज चार तास भरू लागला, पगारी शिक्षक आले आणि पालक घरी राहू लागले, तर ती विनामान्यता शाळा ठरू शकते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८ मध्ये त्यासाठी एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि पुढेही चालू ठेवली तर दर दिवशी दहा हजारांपर्यंत. आठवड्याला एक-दोन दिवस आणि पालक सोबत, ही मर्यादा पाळा.

दहावीचा रस्ता

बहुतेक घरशाळेची मुलं एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी करतात. ही केंद्र सरकारची संस्था १९८९ पासून आहे आणि तिचं एक प्रादेशिक केंद्र पुण्यात आहे. दहावीला किमान वय १४ पूर्ण हवं. आधीच्या इयत्तेचं प्रमाणपत्र नसेल तर स्वयंघोषणापत्र चालतं, म्हणून जन्मदाखला बिनचूक असणं महत्त्वाचं. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता खासगीरीत्या दहावीला बसण्याचा अर्ज) हा दुसरा मार्ग, पण त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, त्यामुळे कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला तो अवघड पडतो.

एनआयओएसला उत्तीर्ण होण्यासाठी पाच विषय लागतात, त्यात किमान एक भाषा आणि जास्तीत जास्त दोन. मराठी हा विषय म्हणून घेता येतो आणि दहावीला मराठी माध्यमही निवडता येतं. नोंदणी पाच वर्षं चालते, नऊ संधी मिळतात, आणि उत्तीर्ण झालेला विषय खात्यावर जमा राहतो. मूल पहिल्या वर्षी दोन विषय आणि दुसऱ्या वर्षी तीन असंही देऊ शकतं. विषय मुलाच्या आवडीने निवडा, पण अकरावी विज्ञानाची शक्यता असेल तर गणित आणि विज्ञान सोडू नका. चित्रकला, गृहविज्ञान आणि भारतीय संस्कृती या विषयांवर दहावी होते, पुढे विज्ञानाला मात्र अडतं.

लेखी परीक्षा वर्षातून दोनदा, साधारण एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला होतात. नोंदणी त्याच्या बरीच आधी बंद होते, म्हणून ज्या वर्षी परीक्षा द्यायची त्याच्या आदल्या वर्षाच्या जूनमध्ये संकेतस्थळावर तारखा बघा. गृहपाठाला, ज्याला तिथे टीएमए म्हणतात, वीस टक्के गुण असतात. ते हाताने लिहून, स्कॅन करून, मुदतीत खात्यावर चढवायचे. शेवटच्या दोन दिवसांत संकेतस्थळ अडखळतं, फाईलचा आकार जास्त म्हणून गृहपाठ परत येतो, आणि वीस गुण जातात. विज्ञानाचं प्रात्यक्षिक लेखी परीक्षेआधी अभ्यासकेंद्रावर होतं आणि त्यात वेगळं ३३ टक्के लागतं. नोंदणी झाल्या महिन्यातच केंद्रावर स्वतः जाऊन प्रयोगशाळा उघडी असते का, संपर्क वर्ग (केंद्रावरच्या मार्गदर्शनाच्या तासिका) कोणत्या वारी आहेत आणि प्रात्यक्षिकाची वही कोण तपासतं ते विचारून या.